कुंडीतला वाफसा

मागच्या मे महिन्यात नाशिकच्या आमच्या गच्चीवरची जर्बेराची एक कुंडी उपडी केली. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलंचिंब, तरी पानांनी माना टाकलेल्या. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल सुटून हातात आली, आत नुसता दोरा उरला. वास गटाराचा. रोप सुकतंय असं समजून आम्ही त्याला आणखी पाणी घालत होतो, याचं अजून वाईट वाटतं.

शेतकऱ्याकडे यासाठी शब्द आहे, वाफसा. रानात ओल हवी आणि हवाही खेळती हवी. १८०४ मध्ये जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी प्रयोगाने दाखवलं, की मुळांभोवती हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरला तर रोपं मरतात. मुळंही श्वास घेतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची खात्रीची रीत १८८८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी दिली. पुढे १९३० च्या आसपास कॅलिफोर्नियात संशोधक गेरिके यांनी मातीविना टोमॅटो वाढवले आणि पाण्यातल्या मुळांना हवा कशी पोचवायची, हा प्रश्न उत्पादकांच्या दारात आला.

२० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणून इथे त्याहून थोडा कमी. उन्हात तापलेल्या काळ्या टाकीचं पाणी कुंडीत गेलं, की मुळांची ऑक्सिजनची भूक वाढते आणि पुरवठा घटतो. मुळं कुजवणाऱ्या पिथियमसारख्या रोगजंतूला तेवढंच हवं असतं.

पाण्यात हवा मिसळायला आता ड्रिपवर व्हेंच्युरी, म्हणजे वाहत्या पाण्यात हवा ओढून घेणारी अरुंद गळ्याची नळी, बसवतात, कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतं. मुळं सतत पाण्यात असतील तर त्याचा उपयोग नक्की होतो. पण कुंडीसाठी मी आधी तिच्यात भरलेलं मिश्रणच बघेन, त्यात हवेला जागा आहे का ते. लिटरभर हवेत सुमारे २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, आणि पाण्यातून तो हवेपेक्षा जवळजवळ दहा हजार पट सावकाश सरकतो. त्यातून कुंडी बुटकी असली तर तळाशी अडकलेलं पाणी बराच भाग व्यापतं.

आम्ही टाकीवर शेडनेट बांधली, कोकोपीटात परलाइटचे हलके, सच्छिद्र पांढरे दाणे मिसळले, कुंड्यांखालच्या बश्या काढल्या. ऑगस्टमध्ये एक कुंडी पुन्हा उपडी केली. कडेने पांढरीशुभ्र मुळं फिरली होती, आणि वास होता नुसत्या ओल्या मातीचा.