स्केलिंग आणि ब्लीचिंग: दात साफ करणं वेगळं, पांढरे करणं वेगळं

"डॉक्टर, लग्न पंधरा दिवसांवर आलंय, जरा दात क्लीन करून द्या." असं म्हणत येणाऱ्याला बहुतेक वेळा दात पांढरे करून हवे असतात. उलट ब्रश करताना रक्त येतं अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला स्केलिंग सुचवावं, तर तो म्हणतो, "मला कुठे दात चमकवायचेत? राहू द्या." गोंधळ दोघांचाही एकच. स्केलिंग आणि ब्लीचिंग एकाच दवाखान्यात, एकाच खुर्चीत होतं, त्यामुळे ते एकाच कामाचे दोन दर्जे वाटतात: एक साधं, एक महागातलं. प्रत्यक्षात स्केलिंग, म्हणजे दातांवर साचलेलं टणक कीटण काढणं, हा हिरड्यांचा आणि दाताभोवतीच्या हाडाचा उपचार आहे, तर ब्लीचिंगनं फक्त दाताचा रंग बदलतो. ते केलं नाही म्हणून कुणाचा दात पडत नाही. स्केलिंग वर्षानुवर्षं टाळलं तर मात्र पडू शकतो.

कीटण येतं कुठून

दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा चिकट, पांढुरका थर पुन्हा धरायला लागतो. हा प्लाक. तो मऊ असतो, नखानं खरवडला तरी निघतो, ब्रशनं तर निघतोच. पण जिथे ब्रश पोचत नाही तिथे तो साचून राहतो, लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरत जातं आणि साधारण दहा-बारा दिवसांत त्याचं टणक कीटण होतं. एकदा ते घट्ट झालं की कितीही जोर लावून घासा, ब्रशला दाद देत नाही. जोर लावल्यानं झालंच तर हिरडी सोलवटते आणि दाताचा हिरडीलगतचा भाग झिजतो.

कीटण सगळीकडे सारखं जमत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागून, म्हणजे जिभेच्या बाजूनं, जीभ फिरवून बघा. दातांच्या मधल्या फटी जाणवण्याऐवजी एकसलग खरखरीत पट्टी लागली, तर ते कीटण. जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या नेमक्या तिथे उघडतात, म्हणून ती त्याची आवडती जागा. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू, कारण कानापुढच्या लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. पुढून हसरे, स्वच्छ दिसणारे दात मागून असे भरलेले असतात, हे आम्हाला रोज दिसतं. आरशात दिसत नाही म्हणून पेशंटला पटत नाही.

कीटणाचा खरा उपद्रव त्याच्या खडबडीत पृष्ठभागात आहे. त्यावर ताजा प्लाक सहज चिकटतो, आणि हिरडी सुजते ती या प्लाकमुळे. १९६५ साली दंतसंशोधक हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्यांना सूज आली. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर ती उतरली. म्हणजे हिरडीची सूज या टप्प्यावर पूर्ण परतवता येते. प्लाक आणि कीटण हिरडीच्या खाली उतरलं, सूज जुनी झाली, की दाताला धरून ठेवणारं हाड विरघळायला लागतं. हे हाड आपोआप परत येत नाही. या प्रवासात बहुतेक वेळा दुखत नाही, हीच त्यातली गोम आहे. दाढ किडली की माणूस रात्री दोन वाजता उठून गोळी शोधतो. हाड झिजताना त्याला पत्ताही नसतो.

म्हणून तपासताना आम्ही हिरडी आणि दात यांच्या फटीत मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई घालून बघतो. एक ते तीन मिलिमीटर खोली असेल तर ठीक. चार किंवा त्याहून जास्त लागली आणि सोबत रक्त आलं, तर तिथे कप्पा तयार झालाय असं समजायचं. साध्या सफाईनं भागणार की हिरडीखाली, मुळापर्यंत जाऊन खोल सफाई करावी लागणार, हे या आकड्यांवरून ठरतं. खोल सफाई भूल देऊन करतात, अनेकदा दोन-तीन भेटींत.

स्केलिंगच्या खुर्चीत

स्केलरचं, म्हणजे कीटण काढणाऱ्या यंत्राचं, टोक पाहून सुई वाटते, पण ते टोचायचं किंवा कापायचं काम करत नाही. ते सेकंदाला २५ हजारांहून जास्त वेळा कंपन पावतं आणि त्या कंपनानं कीटण तडकून सुटतं. सोबत पाण्याचा फवारा चालू असतो, तो टोकाला थंड ठेवतो आणि सुटलेला कचरा धुऊन नेतो. बारीक शिट्टीसारखा आवाज, तोंडात साचणारं पाणी, मधूनच एखाद्या दातात जाणारी कळ: त्रास एवढाच. सुजलेल्या हिरड्यांतून रक्त येतं. ते यंत्रानं जखम केली म्हणून येत नाही, हिरडी आधीच सुजलेली असते म्हणून येतं. शेवटी रबरी कपानं पेस्ट लावून पॉलिश करतात.

मग चूळ भरताना बेसिनमध्ये पिवळट-करडा खडा पडतो आणि पेशंट दचकून विचारतो, "दाताचा तुकडा निघाला का?" नाही. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे आणि कीटण त्याच्या मानानं बरंच मऊ. नीट वापरलेल्या स्केलरनं इनॅमल सुटून येत नाही.

सगळ्यात चिवट समज म्हणजे सफाई केली की दात हलायला लागतात आणि मध्ये फटी पडतात. या समजापायी लोक दहा-दहा वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. होतं असं: हाड आणि हिरडी खाली सरकल्यानं दातांमध्ये मोकळी जागा झालेली असते, ती कीटणानं बुजलेली असते. शेजारशेजारचे हलणारे दातही त्या कीटणानं एकमेकांना बांधलेले असतात. कीटण काढलं की फट उघडी पडते, दाताची हालचाल जाणवते, मुळाचा उघडा भाग काही दिवस थंड पाण्यानं शिवशिवतो. स्केलिंगनं हे नुकसान केलेलं नसतं, आधीच झालेलं उघड केलेलं असतं. सूज उतरल्यावर हिरडी आवळते, हलणारे दात बरेचदा थोडे घट्टही होतात. पण ज्याला फट दिसली त्याला हे आधी सांगितलेलं नसेल, तर तो पुढे दहा जणांना "सफाई करू नका" सांगत फिरतो. यात चूक आमच्या व्यवसायाचीही आहे. दोन मिनिटं आधी बोललं की हा प्रश्नच येत नाही.

सफाई किती वेळा करायची, याला सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही. सहा महिन्यांचा आकडा सर्वांच्या तोंडी आहे, पण ज्याचं कीटण हळू जमतं त्याला त्याहून जास्त अंतर चालतं. मधुमेही, तंबाखू खाणारे किंवा ओढणारे, दातांना तारा लावलेले, आधीच हाड झिजलेले, यांना तीन-चार महिन्यांनीही यावं लागतं. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार तर एकमेकांना बिघडवतात. साखर हाताबाहेर असेल तर हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत, आणि हिरड्यांची जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही.

दात मुळात पांढराच नसतो

इथून ब्लीचिंग सुरू होतं. इनॅमल अर्धपारदर्शक असतं. दाताचा रंग मुख्यतः त्याच्या आतल्या डेंटिनचा, आणि डेंटिन पिवळसर असतं. वय वाढतं तसं इनॅमल झिजून पातळ होतं, डेंटिन गडद होतं, दात पिवळे दिसायला लागतात. हा पिवळेपणा कितीही घासून, कितीही स्केलिंग करून जात नाही, कारण तो पृष्ठभागावर नाहीच.

चहा, कॉफी, तंबाखू यांचे वरवरचे डाग मात्र स्केलिंग आणि पॉलिशिंगनं निघतात, त्यामुळे सफाईनंतर दात उजळ दिसतात. दोन्हींची गल्लत होते ती याच जागी. सफाईनंतर जो रंग दिसतो तो तुमच्या दाताचा स्वतःचा. त्याच्यापेक्षा पांढरा हवा असेल तर ब्लीचिंग.

ब्लीचिंगमध्ये काहीच खरवडत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा त्यात रूपांतर होणारं कार्बामाइड पेरॉक्साइड जेलच्या रूपात दातावर ठेवतात. ते इनॅमलमधून झिरपून डेंटिनपर्यंत जातं आणि रंगद्रव्यांचे मोठे रेणू फोडतं. दवाखान्यात वापरायच्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण २५ ते ४० टक्के असतं, म्हणून आधी हिरड्यांवर संरक्षक थर लावतात. नाहीतर हिरडी भाजून पांढरी पडते. घरी करायच्या प्रकारात दातांच्या मापाचा पातळ ट्रे बनवून देतात आणि त्यात सौम्य जेल भरून रात्री घालायचा असतो. १९८९ साली हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी ही पद्धत मांडली. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं जेमतेम साडेतीन टक्के. दोनेक आठवडे लागतात, पण दात कमी शिवशिवतात. घाई नसेल तर माझी पसंती ट्रेला. दवाखान्यात जेलवर टाकतात त्या निळ्या दिव्याचा रुबाब मोठा असतो, पण काम जेल करतं. दिव्यानं अंतिम रंगात फारसा फरक पडत नाही.

खुर्चीतून उठल्याबरोबर दिसणारा रंग खरा धरू नका. तेवढा वेळ तोंड उघडं राहिल्यानं दात कोरडे पडलेले असतात, आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. काही दिवसांत छटा थोडी खाली येते. म्हणून आधी छटांच्या पट्टीशी दात जुळवून नोंद करून घ्यावी आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच पट्टीशी ताडून बघावं. हा रंग कायमचा नाही, काही महिन्यांत किंवा वर्षांत पुन्हा उतरतो. थंड हवेनंही दात शिवशिवणं हा नेहमीचा त्रास. तो बहुधा काही दिवसांत जातो आणि पोटॅशियम नायट्रेट असलेल्या टूथपेस्टनं कमी होतो.

सगळे दात सारखे उजळत नाहीत. पिवळसर छटा चांगली उतरते, करडी चिवट असते. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे पट्टे असतील तर महिनोन् महिने लागतात, आणि तरीही ते पूर्ण जातील अशी खात्री देता येत नाही. मार लागून काळवंडलेल्या, रूट कॅनॉल झालेल्या एकट्या दाताला बाहेरून जेल लावून उपयोग नसतो, त्याच्या आत औषध भरावं लागतं. आणि कॅप, व्हेनियर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा), फिलिंग यांचा रंग तर बदलतच नाही. किडलेले दात, चिरा, उघडी पडलेली मुळं असतील तर आधी त्यांचं बघायचं. गरोदरपणात ब्लीचिंग पुढे ढकलतात. स्केलिंग मात्र त्या काळात करता येतं, आणि संप्रेरकांमुळे हिरड्या सुजत असल्यानं अनेकदा गरजेचंही असतं.

दात पांढरे करायला लोक घरी वापरतात त्या लिंबू आणि कोळशाच्या पुडीबद्दल एवढंच: लिंबातलं आम्ल इनॅमल विरघळवतं, कोळसा घासून झिजवतो, आणि इनॅमल पातळ झालं की आतलं पिवळं डेंटिन आणखी दिसतं.

एक विचित्र तक्रार अधूनमधून येते: "सफाई केली आणि दात आणखी तपकिरी झाले." चौकशी केली तर स्केलिंगनंतर लिहून दिलेलं क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश सांगितलेल्या मुदतीनंतरही महिनाभर चालू ठेवलेलं निघतं. त्यानं दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात. ते पॉलिशनं जातात, त्यासाठी ब्लीचिंग लागत नाही.

दोन्ही करायचं असेल तर

आधी स्केलिंग. कीटणाच्या आडून जेल दातापर्यंत नीट पोचत नाही, आणि सुजलेल्या हिरड्यांना पेरॉक्साइड जास्त झोंबतं. मग हिरड्या बऱ्या व्हायला एखाद-दोन आठवडे द्यावेत. याच टप्प्यावर अनेकजण आरशात बघून म्हणतात, "आता ठीक वाटतंय, पुढचं नको." आणि ते थांबतात, हे उत्तमच. पुढे जायचं असेल तर ब्लीचिंग, आणि समोरच्या दातांच्या जुन्या फिलिंग किंवा कॅप बदलायच्या असतील तर त्या सगळ्यात शेवटी. ब्लीचिंगनंतर रंग स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तोवर नवं फिलिंग दाताला नीट चिकटतही नाही. लग्न पंधरा दिवसांवर आलेल्या माणसाला त्यामुळे मी फक्त स्केलिंग आणि पॉलिशिंगवर भागवायला सांगतो.