शंका आणि अविश्वास यांची गल्लत पुरे झाली

प्रार्थनासभेत एखादा मुलगा विचारतो, ‘देव खरंच ऐकतो का?’ आणि पुढच्या रविवारी त्याच्यासाठी ‘विश्वासातून ढळलेला’ म्हणून प्रार्थना होते. कोल्हापुरातल्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता लिहायलाच हवं. शंका वेगळी, अविश्वास वेगळा. एकाला दुसऱ्याचं नाव दिलं की ज्याला धरून ठेवायचं त्यालाच आपण दाराबाहेर काढतो.

अविश्वास म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘हा सुतार ना, मरीयेचा मुलगा?’ असं येशूबद्दल त्याच्याच गावचे नासरेथकर म्हणाले. बोलणं प्रश्नाचं होतं, पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नव्हतं, निवाडा आधीच झाला होता. आणि शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून आलेल्या माणसाला शास्त्र उघडवत नाही, उपासनेत डोळे मिटतात, ही तर शंकाही नव्हे. तो थकवा आहे. त्याला झोप द्या, उपदेश नको.

घोळ होतो तो पुढे. लोक शंका मोजायला बसतात. थोडी असली तर चालते, फार झाली की अविश्वास, असा हिशेब. इथे प्रमाणाचा काही संबंध नाही. प्रश्न कुणापुढे मांडलाय आणि विचारणारा उत्तरासाठी थांबलाय का, एवढंच पाहायचं असतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात याचा धडा आहे. तुला मुलगा होईल असं सांगायला देवदूत गब्रीएल म्हाताऱ्या याजक जखऱ्याकडे येतो, मग येशूची आई होणाऱ्या मरीयेकडे. जखऱ्या विचारतो, हे मला कशावरून कळावं? मरीया विचारते, हे कसं होईल? नुसते शब्द ऐकून कुणालाही फरक सांगता येणार नाही. तरी जखऱ्याची वाचा जाते आणि मरीयेला उत्तर मिळतं. जखऱ्यानं आधी खूण मागितली आणि खूण मिळेपर्यंत देवाचं म्हणणं बाजूला ठेवलं. मरीयेनं ते म्हणणं हातात धरून पुढचं विचारलं. म्हणून नुसत्या शब्दांवरून कुणाला अविश्वासी ठरवू नये. शिवाय जखऱ्यालाही देवानं टाकून दिलं नाही. ‘ह्याचं नाव योहान’ असं त्यानं पाटीवर लिहिलं आणि त्याला वाचा परत मिळाली.

जखमा पाहिल्याशिवाय येशू मरणातून उठला हे मानणार नाही, असं म्हणणाऱ्या शिष्य थोमाला ‘संशयी’ हे बिरुद लावलेलं ऐकलं की मला राग येतो. लाजर या मित्रासाठी येशूनं यहूदियात जाणं जिवावरचं होतं, तेव्हा ‘आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ म्हणणारा तोच होता. पुनरुत्थानाची बातमी स्त्रियांनी आणली तेव्हा बाकीच्या प्रेषितांनाही ती वायफळ बडबड वाटली होती. प्रभूनं त्यांना हात आणि कूस दाखवली. थोमानं त्याहून फार वेगळं काय मागितलं? आणि आठ दिवसांनी तो त्यांच्याच खोलीत होता. तो निघून गेला नव्हता आणि त्या दहांनी त्याला हाकललं नव्हतं. ‘अविश्वासी होऊ नकोस’ असं प्रभू त्याला म्हणाला हे खरं, पण ते जखमा पुढे करून म्हणाला. शंकेची वाट अविश्वासाकडे जाऊ शकते, म्हणून तर तिला सोबत हवी.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, २०२१ मध्ये पुन्हा शिरलं. अशा घरातली बाई ‘प्रभू, तू कुठे होतास?’ असं म्हणाली तर तिला गप्प करू नका. ती देवाशीच बोलते आहे. बायबलमधलं स्तोत्र १३ ‘कुठवर?’ म्हणूनच सुरू होतं. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच आहे, तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे.

‘डोकं बाजूला ठेवा, फक्त विश्वास ठेवा’ हा सल्ला तर मला अजिबात मान्य नाही. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले. त्यानंतर इथे बाप्तिस्मा घेणाऱ्या पहिल्या पिढीला वारशानं आलेलं सगळं तपासावंच लागलं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मतांवरून तिथल्या मठवासी भगिनींशी पत्रांतून कसून वाद घातला. धर्म हाती आला होता पण ख्रिस्त अजून भेटला नव्हता, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. त्याच रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं.

मग बायबलमधलं याकोबाचं पत्र पुढे केलं जातं: संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा आहे. वाचायचं तर वरचं वचनही वाचा. ज्याला ज्ञान उणं आहे त्यानं देवाजवळ मागावं, तो बोल न लावता देतो. याकोबाचा रोख आहे तो देवापुढे हात पसरताना मन दुसरीकडे अडकवून ठेवणाऱ्यावर. प्रामाणिकपणे विचारणाऱ्याला त्या वचनानं झोडपणं हा वचनाचा दुरुपयोग आहे.

ज्याच्या मनात शंका आहे त्यानं उपासनेला येणं सोडू नये, प्रश्न नेमक्या शब्दांत लिहून काढावा, एकाच भरवशाच्या माणसाला सांगावा आणि मार्कचं शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं. सुटी वचनं शोधत बसू नये. पाळकांनी आणि वडीलमंडळींनी उत्तर येत नसेल तर तसं सांगावं आणि त्याच्याबरोबर बसून वाचावं. व्हॉट्सअॅपवर वचनांची माळ पाठवून काम भागत नाही. शंका घेणाऱ्यांवर दया करा असं यहूदाच्या पत्रात स्पष्ट आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गात पाठांतर घेता तसा एक तास मुलांच्या प्रश्नांसाठीही ठेवा, आणि तिथे विचारलेलं त्यांच्या आईवडिलांच्या कानावर घालू नका.