ओझोनचं भोक आणि सोलापूरचं ऊन

मे महिन्यात नवी पेठेतल्या रसवंतीवर रुमालानं मान पुसत कुणीतरी म्हणतंच, ‘ओझोनला भोक पडलंय, म्हणून सोलापूर तापतंय.’ नाही हो! ते भोक म्हणजे ओझोन वायूचा थर विरळ होणं; ते अंटार्क्टिकावर, जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर वर, आणि तेही सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतं. आपला उन्हाळा तेव्हा कधीच सरलेला असतो.

जमिनीलगतचा ओझोन ही वेगळीच गोष्ट. आर्क्टिकमध्ये वसंतात सूर्य वर आला की समुद्री बर्फावरच्या खारातलं ब्रोमीन हे रसायन सुटतं आणि काही दिवसांतच हा ओझोन जवळपास शून्यावर आणतं. तिथे माणसाचा हातही लागत नाही. दक्षिण ध्रुवावर १९७०च्या दशकापासूनच्या मोजण्या आहेत: १९९०च्या दशकापर्यंत तिथला जमिनीलगतचा ओझोन घटला, पुढे पुन्हा वाढला.

सोलापुरात मात्र गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की हाच वायू तयार होतो आणि छातीला झोंबतो.