छातीवर फटका बसतो आणि निरोगी हृदय थांबतं

२ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू असताना डमार हॅमलिन या २४ वर्षांच्या खेळाडूच्या छातीवर धडक बसली. तो उठून उभा राहिला आणि लगेच कोसळला. समाजमाध्यमांनी कोविडच्या लशीला दोषी ठरवलं. त्याला काडीचाही आधार नव्हता. निदान निघालं ‘कमोशिओ कॉर्डिस’. यात ना बरगडी मोडते, ना हृदयाला जखम होते.

मग हृदय थांबतं कशामुळे? प्रत्येक ठोक्यानंतर जवनिकांच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या, पेशी पुन्हा विद्युतभारित होतात, पण सगळ्या एकाच वेळी नाही. ईसीजीवर याचीच ‘टी’ लहर चढत असते, तेव्हा काही पेशी तयार असतात, काही नसतात. शिखराच्या १५ ते ३० मिलिसेकंद आधी नेमका हृदयावर फटका बसला, तर डाव्या जवनिकेतला दाब एकदम उसळतो, पेशींचं आवरण ताणलं जातं आणि ताणामुळे उघडणाऱ्या आयनमार्गिकांतून (विद्युतभारित कणांच्या वाटांतून) एक अवेळी ठोका सुटतो. त्याच्या लहरीला काही पेशी साथ देतात, काही देत नाहीत. लहर तुटते, स्वतःभोवतीच फिरू लागते, हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे जात नाही. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा. एवढ्या अरुंद फटीत फटका क्वचितच पडतो, म्हणूनच ही घटना दुर्मीळ.

डुकरांवरच्या प्रयोगांत सर्वाधिक धोका ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास दिसला. म्हणजे शाळकरी मुलाने टाकलेला सीझन बॉलही पुरेसा. बळी बहुधा किशोरवयीन मुलं असतात. त्यांची छाती लवचीक, फटका थेट आत पोचतो. साधे चेस्ट गार्ड घालूनही असे मृत्यू झाले आहेत.

कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं यात मोलाची मिनिटं जातात. मध्येच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. मूल हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन) आणायला पळावं, तिसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यावी: छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत. एईडी आल्यावर घाम पुसून एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डाव्या काखेखाली बरगड्यांवर चिकटवा. मशीन सांगेल तेव्हा सगळ्यांनी हात काढायचे. शॉक बसला की नाडी शोधत बसू नका, लगेच पुन्हा दाबायला लागा. छाती न दाबता शॉकला उशीर झाला तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. हॅमलिनला मैदानातच सीपीआर (छाती दाबण्याचा हाच उपचार) आणि शॉक मिळाला. त्याच वर्षी तो पुन्हा खेळायला उतरला.