रंग सोडले आणि खोली मिळाली

१९८४ संपता संपता ब्रिटनमधल्या पोरांच्या हातात एक कॅसेट आली. तिच्यात ‘नाइट लोअर’ नावाचा गेम. टेपरेकॉर्डर झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरला जोडायचा, बटण दाबायचं आणि तो कर्कश आवाज ऐकत काही मिनिटं थांबायचं. मग टीव्हीवर दगडी भिंतींची एक खोली उघडायची. छताच्या कोपऱ्यात बसून खाली बघावं तशी, तिरकी. नायक सेबरमॅन ठोकळ्यामागे गेला की खरोखर झाकला जायचा आणि पुढे आला की ठोकळ्याला झाकायचा. आज यात विशेष वाटणार नाही. त्या यंत्रावर मात्र हे कसं जमलं, याचंच लोकांना नवल वाटलं.

गेम होता ‘अल्टिमेट प्ले द गेम’ या कंपनीचा. लेस्टरशायरमधल्या ॲशबी-द-ला-झूश या छोट्या गावात टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांनी १९८२ मध्ये ती सुरू केली. त्याआधी दोघं नाण्यावर चालणाऱ्या आर्केड मशीनचं काम करत होते. प्रोग्रॅमिंग ख्रिस आणि जॉन लॅथबरी यांच्याकडे, चित्रं टिम आणि कॅरोल वॉर्ड यांच्याकडे. कौतुक बहुतेक वेळा भावांच्याच वाट्याला येतं. पण हा गेम समजून घेतला की लक्षात येतं, इथे चित्र आणि प्रोग्रॅम वेगळे काढताच येत नाहीत.

आधी यंत्राची ऐपत बघू. स्पेक्ट्रमची मेमरी ४८ के, म्हणजे ४९,१५२ बाइट. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, म्हणजे ठिपकेही बरोबर ४९,१५२! प्रत्येक ठिपक्याला एक बाइट दिला असता तर सगळी मेमरी तिथेच संपली असती. म्हणून ठिपक्याला मिळाला फक्त एक बिट: पेटलेला किंवा विझलेला. रंग वेगळे ठेवले, तेही ठिपक्याला नव्हे, तर आठ बाय आठच्या चौकटीला. एका चौकटीत दोनच रंग. त्यामुळे लाल माणूस हिरव्या झाडासमोरून गेला की झाडाचा तुकडाही लाल व्हायचा. हलणारी चित्रं सांभाळायला वेगळी चिपही नव्हती. सगळा भार ३.५ मेगाहर्ट्झच्या एकट्या झेड-८० प्रोसेसरवर.

आता झाकण्याची युक्ती, एकाच बाइटवर, म्हणजे आठ बिटांवर. १ म्हणजे पेटलेला ठिपका, ० म्हणजे विझलेला. मागच्या भिंतीचे आठ ठिपके समजा ११००११०० आहेत. त्यावर नायकाचा ०००११००० हा तुकडा ठेवायचा आहे. दोन्ही नुसते मिसळले तर भिंत नायकातून आरपार दिसते, भूत उभं राहिल्यासारखी. म्हणून चित्रासोबत एक मुखवटाही साठवायचा: ११००००११. जिथे शून्य, तिथे मागचं पुसायचं. भिंत उरली ११०००००० आणि मध्ये नायकाच्या मापाचं भोक पडलं. त्यात नायक बसवला: ११०११०००. भोक नायकापेक्षा दोन्ही बाजूंनी एकेक ठिपका मोठं आहे, म्हणून त्याच्याभोवती काळी कड उरते आणि आकृती भिंतीपासून सुटी दिसते. ही कड चित्रकाराने आखायची आणि प्रोग्रॅमरने जपायची. मला हा सगळ्या गेममधला सर्वांत देखणा भाग वाटतो.

मग उरतो क्रम. निसर्गचित्र काढताना आपण आधी आकाश रंगवतो, मग डोंगर, मग पुढचं झाड. तसंच इथे लांबची वस्तू आधी, जवळची नंतर. सेबरमॅन एक पाऊल सरकला की कोण कोणाच्या पुढे, हा हिशेब पुन्हा मांडायचा.

आणि रंग? ते त्यांनी सोडूनच दिले. प्रत्येक खोली काळ्यावर एकाच रंगात. चौकटीत दुसरा रंगच नाही म्हटल्यावर रंगांची भांडणंही संपली. खरं तर एकरंगी खोल्यांमुळेच गेम ज्या किल्ल्यात घडतो त्याला रात्रीची कळा आली. या तंत्राला अल्टिमेटने ‘फिल्मेशन’ असं नाव दिलं.

पुढे १९८८ मध्ये एका मुलाखतीत भावांनी सांगितलं की नाइट लोअर आधीच तयार होता, पण तो मुद्दाम मागे ठेवून ‘सेबर वुल्फ’ हा आपलाच दुसरा गेम आधी विकला. नाइट लोअर पाहिल्यावर सपाट पडद्याचा सेबर वुल्फ कोणी घेतला नसता. हिशेब बरोबरच होता, कारण त्यानंतर तिरक्या खोल्यांच्या गेमची रांगच लागली. स्टॅम्पर मात्र तोवर पुढे निघून गेले होते. १९८५ मध्ये त्यांनी ‘रेअर’ ही कंपनी काढली आणि निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गेम-यंत्राची रचना स्वतःच उलगडून त्यावर गेम करायला घेतले.

स्पेक्ट्रम परवाना घेऊन भारतातही बनत होता. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो इथे विकला. आता मूळ यंत्र नसलं तरी इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, नाइट लोअर खेळता येतो. खेळताना एक गोष्ट नक्की बघा. खोलीत हलणाऱ्या वस्तू जास्त असल्या की सेबरमॅनची पावलं जड होतात, आणि वस्तू कमी झाल्या की तो पुन्हा झपाझप चालू लागतो. झेड-८० प्रत्येक वस्तूसाठी भोक पाडतोय आणि भरतोय, ते असं डोळ्यांना दिसतं.