बावीस घोडे आणि एक तिरकी तबकडी

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एप्रिल लागला की एक प्रश्न हमखास येतो. कुणीतरी ओहायोत नाहीतर नॉर्थ कॅरोलिनात नवं घर घेतलेलं असतं, मागे दीड एकर हिरवळ असते आणि ढकलायच्या मशीनने पहिल्याच शनिवारी कंबर धरलेली असते. प्रश्न असा: "रायडिंग मोअर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) घ्यायचाय. २२ हॉर्सपॉवरचा घेऊ की २६ चा?" दहा जण उत्तर देतात आणि दहाही जण २६ म्हणतात. जमीन सपाट आहे की उताराची, हे एकही जण विचारत नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

दीड एकर म्हणजे साठ गुंठे. गावाकडे एवढ्या जमिनीपायी भावकीत दोन पिढ्या कोर्टात जातात. इथे तिच्यावर फक्त गवत वाढवायचं आणि कापायचं. हा प्रकार किती मोठा आहे, याचा अंदाज २००५ मध्ये नासाच्या क्रिस्टिना मिलेसी यांनी उपग्रहांच्या मदतीने बांधला होता. घरांभोवतीची हिरवळ, गोल्फची मैदानं वगैरे धरून अमेरिकेत सुमारे १,२८,००० चौरस किलोमीटर लॉन आहे. आपल्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त.

आधी हॉर्सपॉवरचं भूत उतरवू.

मोअरच्या बॉनेटवर छापलेला आकडा बहुधा 'ग्रॉस' असतो, म्हणजे प्रयोगशाळेत एअर फिल्टर आणि सायलेन्सरसारखे भाग न लावता मोजलेला. हे सगळं बसवून मशीन अंगणात आणली की तो आकडा खाली येतो. या आकड्यांवरून अमेरिकेत उत्पादकांवर ग्राहकांचे सामूहिक खटले झाले आणि २०१० मध्ये त्यांत तडजोड झाली. तेव्हापासून कित्येक इंजिनांवर हॉर्सपॉवरऐवजी टॉर्क किंवा नुसते सीसी लिहिलेले दिसतात. दुकानातला माणूस मात्र अजून घोडेच मोजतो.

हे घोडे लागतात तरी किती? मशीन ३५० किलोची आणि चालवणारा ९० किलोचा धरू. १५ अंशांच्या चढावर ताशी चार मैलांनी वर जायचं, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण ११०० न्यूटन बल लागतं. वेग सेकंदाला १.८ मीटर. गुणाकार केला की २००० वॉट येतात, म्हणजे पावणेतीन हॉर्सपॉवर. गवतातून चाक लोळवण्याची आणि गिअरमधली तूट धरून दुप्पट करा, तरी सहाच्या आत. बाकीची शक्ती पाती फिरवायला जाते.

आणि पात्यांच्या वेगाला वरून टोपी घातलेली आहे. अमेरिकेच्या सुरक्षा मानकानुसार पात्याचं टोक मिनिटाला १९,००० फुटांपेक्षा जोरात जाऊ नये. हे झाले ताशी जवळपास ३५० किलोमीटर. याहून वेगाने पातं फिरवलं तर सुटलेला खडा किंवा तुटलेला तुकडा आवरण्यासारखा राहत नाही. इंजिन २२ चं असो वा २६ चं, पातं तेवढंच पळणार. जादा घोडे कामाला येतात ते ओलं, दाट, दोन आठवडे राहून गेलेलं गवत आडवं आल्यावर वेग टिकवायला. तुम्ही दर आठवड्याला, गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त न कापण्याचा साधा नियम पाळत असाल, तर ते घोडे बहुतेक वेळ उभेच असतात.

डेक म्हणजे पात्यांवरचं झाकण. त्याच्या रुंदीचं गणित सोपं आहे. मैलातला वेग गुणिले इंचातली रुंदी, भागिले ९९: तासाला इतके एकर. वळणं आणि पट्टे एकमेकांवर चढणं यासाठी पाचवा हिस्सा वजा करा. ४२ इंची डेक ताशी चार मैलांनी दीड एकर एका तासात आणि वर पाच-दहा मिनिटांत उरकते. ५४ इंची झिरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारी मशीन, सात मैलांनी तेच अर्ध्या तासात करते. पण फाटक ४८ इंचांचं असेल तर ५४ इंची डेक बाहेरच राहील. इथे विज्ञान संपलं, टेप घ्या.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते: हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलाच्या दाबाने चाकांपर्यंत नेणारी व्यवस्था. माझ्या मते गेल्या शतकातल्या सर्वांत देखण्या यंत्ररचनांपैकी ही एक आहे, आणि ती सीटखाली धुळीत कुणी न बघता काम करत असते.

मोअरचं इंजिन कायम एकाच वेगाने फिरायला हवं, कारण पात्यांना तो वेग लागतो. चाकं मात्र कधी हळू, कधी जोरात, कधी उलटी फिरायला हवीत. क्लच आणि गिअरने हे करता येतं, पण झाडाभोवती वळताना मिनिटाला चार वेळा गिअर बदलायचा तर कुणीही वैतागेल. म्हणून मध्ये तेल घातलं.

इंजिनाचा पट्टा एक धातूचा दंडगोल फिरवतो. त्या दंडगोलात आसाला समांतर अशी भोकं असतात, सहसा विषम संख्येत, कारण विषम असली की तेलाच्या धारेतला हिसका कमी होतो. प्रत्येक भोकात एक पिस्टन, आणि सगळ्या पिस्टनांची डोकी समोरच्या एका तबकडीवर टेकलेली. हिला स्वॉशप्लेट म्हणतात. ही तबकडी फिरत नाही, फक्त कलते. ती सरळ उभी असली तर दंडगोल गरागरा फिरतो, पिस्टन तबकडीवर घसरत राहतात, पण आत-बाहेर होत नाहीत. तेल हलत नाही आणि गाडी उभी राहते. आता तुम्ही पेडल दाबलं आणि तबकडी दहा अंश कलली. अर्ध्या फेरीत प्रत्येक पिस्टन बाहेर सरकतो आणि तेल ओढून घेतो. उरलेल्या अर्ध्या फेरीत तो आत दाबला जातो आणि तेल पुढे लोटतो. ते तेल जाऊन चाकाजवळची तशीच एक मोटर फिरवतं, तिच्यातली तबकडी मात्र कायमची तिरकी बसवलेली असते.

पिस्टन किती सरकतो? भोकांच्या वर्तुळाचा व्यास गुणिले तबकडी कलण्याच्या कोनाचा टॅन्जंट. आता टॅन्जंटचा आलेख आठवा. कोन शून्य, तर टॅन्जंट शून्य. कोन शून्याच्या पलीकडे गेला की टॅन्जंट ऋण. म्हणजे तबकडी दुसऱ्या बाजूला कलवली की जो पिस्टन तेल ओढत होता तोच लोटू लागतो, धार उलटते आणि गाडी मागे जाते. रिव्हर्स गिअर नावाची वस्तूच नाही. पुढे, थांबा, मागे हे सगळं एकाच कोनाचं चढतं-उतरतं मूल्य. दहावीची त्रिकोणमिती इतकी निमूट राबताना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

या यंत्राचा रोगही त्याच्या रचनेतच आहे. पिस्टन आणि भोक यांच्यात काही मायक्रॉनची फट ठेवावी लागते, नाहीतर पिस्टन अडकेल. दाबाखालचं तेल त्या फटीतून थोडं मागे गळतं. ही गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे झिजून फट दुप्पट झाली तर गळती आठपट. शिवाय ती तेलाच्या घट्टपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. इंजिन ऑइलसारखं तेल ४० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की साधारण सहा ते नऊ पटींनी पातळ होतं. गळलेलं तेल काम न करता दाब गमावतं, ती ऊर्जा उष्णता होते, उष्णतेने तेल आणखी पातळ, आणखी गळती. "सुरुवातीला नीट चालतो, तासाभराने चढावर दमतो" ही तक्रार इथून येते, आणि लोक समजतात की इंजिन कमी पडलं. इंजिन ठणठणीत असतं. तेल मागच्या दाराने पळत असतं.

म्हणून दुकानात ट्रान्समिशनचं नाव विचारा. स्वस्त लॉन ट्रॅक्टरांत, म्हणजे स्टिअरिंगच्या रायडिंग मोअरांत, टफ टॉर्क कंपनीचं के-४६ नेहमी दिसतं. सपाट जमिनीवर हलक्या कामाला ते चांगलं आहे, चढावर ट्रॉली ओढायला नाही. काही ट्रान्समिशन कायमची बंद असतात, तर काहींत तेल आणि फिल्टर बदलता येतात. उताराच्या जमिनीवर दुसऱ्या प्रकारासाठी जास्तीचे पैसे मोजणं मला चार जादा घोड्यांपेक्षा शहाणपणाचं वाटतं. 'कमर्शियल ग्रेड' ही पाटी मात्र वाचून सोडून द्या. ती लावायला कारखान्याला कुणाची परीक्षा द्यावी लागत नाही.

झिरो-टर्नमध्ये असे दोन पंप असतात, प्रत्येक मागच्या चाकाला एक. डावा दांडा डाव्या तबकडीला, उजवा उजव्या. एक चाक पुढे, दुसरं मागे, आणि मशीन जागच्या जागी गिरकी घेते. १९६० च्या दशकात कॅन्ससमध्ये ही कल्पना आकाराला आली आणि आज मोठ्या अंगणांत तिचंच राज्य आहे. झाडं, फुलांचे वाफे आणि झोपाळे यांनी भरलेल्या अंगणात तिच्या तोडीचं काही नाही. पण या गिरकीची किंमत उतारावर मोजावी लागते.

लॉन ट्रॅक्टरची पुढची चाकं स्टिअरिंगने वळतात. बग्ग्यांच्या काळापासून, १८१८ मध्ये लंडनमध्ये आकरमानच्या नावाने पेटंट झालेल्या तत्त्वावर, ती दोन वेगळ्या कोनांत वळतात आणि मशीनला आडवं सरकू देत नाहीत. झिरो-टर्नची पुढची चाकं सुपरमार्केटच्या ट्रॉलीसारखी आपसूक फिरणारी कॅस्टर असतात. ती वजन पेलतात, पण आडवं बल जवळजवळ शून्य घेतात.

आता मशीन १५ अंशांच्या उतारावर आडवी उभी करा. तेच ११०० न्यूटन बल आता तिला बाजूला, उताराकडे ओढतं आहे. हे बल गुरुत्वमध्यातून लागतं, आणि गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या पुढे आहे, समजा ४० सेंटिमीटर. पुढची चाकं आडवी धरत नाहीत, म्हणून मशीनचं नाक उताराकडे वळू बघतं, साधारण ४५० न्यूटन-मीटरच्या टॉर्कने. ते रोखायचं तर मागच्या दोन चाकांच्या ढकलण्यात फरक ठेवावा लागतो: चाकांतलं अंतर ९० सेंटिमीटर असेल, तर सुमारे १००० न्यूटनचा. शिवाय बाजूला घसरण्याचे ११०० न्यूटनही याच दोन टायरांनी पेलायचे. दोन्ही बलं काटकोनात असल्याने पायथागोरसने जोडली की सुमारे १५०० न्यूटन होतात. मागच्या चाकांवरचा भार साधारण २८०० न्यूटन. भागाकार ०.५४. इतका घर्षणगुणांक कोरड्या, दाट हिरवळीवर कसाबसा मिळेल, दवाने ओल्या गवतावर त्याची आशा नको.

हे गणित चुटकीसरशी डोक्यावरून गेलं असेल तर एवढंच धरा: झिरो-टर्नमध्ये वळणं, चालणं आणि थांबणं ही तिन्ही कामं त्याच दोन टायरांकडे आहेत. ते घसरले की तिन्ही एकदम जातात. दांडे मागे ओढूनही उपयोग होत नाही, चाकं थांबतात आणि मशीन जात राहते. खाली तळं किंवा दगडी बांध असेल तर पुढचं सांगायला नको. बहुतेक मॅन्युअलांत १५ अंशांच्या वर जाऊ नका असं लिहिलेलं असतं, काही झिरो-टर्नना तर १० अंशांचीच मर्यादा आहे. कागदावर उलटण्याचा कोन तीस-चाळीस अंश निघतो म्हणून या आकड्यांना हसणारे असतात. खड्डा, घुशीचं बीळ, अचानक मारलेलं वळण यांनी ती शिल्लक क्षणात संपते.

दसऱ्याला मोअरला झेंडूची माळ घालण्याची पद्धत इकडेही आहे, फोटो छान येतात, त्याला माझी हरकत नाही. पण टायरखाली लिंबू चिरडून घर्षणगुणांक वाढत नाही, उलट टायर जागेवरच ओला होतो. मशीन उलटली तर चालवणाऱ्याला वाचवणारी, मागे उभी केलेली लोखंडी कमान आणि सीटबेल्ट हा खरा ताईत. कमान झाडाच्या फांदीला लागते म्हणून दुमडून ठेवणारे पुष्कळ आहेत. कमान उभी असेल तेव्हा पट्टा बांधायचा, दुमडली असेल तेव्हा बांधायचा नाही. दुमडलेल्या कमानीत पट्ट्याने बांधलेला माणूस मशीनखालीच अडकतो.

उतार असूनही गिरकी हवीच असेल तर स्टिअरिंगने पुढची चाकंही वळवणारे झिरो-टर्न मिळतात, कब कॅडेट कंपनीचे तसे आहेत. ते महाग पडतात, पण वरचं गणित त्यांच्यासाठी बरंच सौम्य होतं, कारण आडव्या बलात पुढची चाकंही वाटा उचलतात. बॅटरीवरच्या मशीनमध्ये तर तबकडीच नाही, दोन चाकांना दोन विद्युत मोटरी. कॅलिफोर्नियाने तर २०२४ पासून लहान इंजिनांच्या बहुतेक नव्या मशीनवर शून्य उत्सर्जनाची अट घातली. गळती आणि पातळ तेलाचा जाच संपला. टायर आणि ओलं गवत मात्र तेच, आणि बॅटरीचं वजन वेगळं.

दुकानात जाण्याआधी चार फुटी सरळ फळी घ्या. अंगणातल्या सर्वांत तिरक्या जागी उताराच्या दिशेने ठेवा, तिच्यावर फोन ठेवून लेव्हलचं ॲप उघडा. असं चार-पाच ठिकाणी करा, विशेषतः तळ्याच्या, नाल्याच्या आणि बांधाच्या कडेला. सगळीकडे दहाच्या आत आलं तर झिरो-टर्न बिनधास्त घ्या. दहा ते पंधरा आलं तर लॉन ट्रॅक्टर घ्या आणि तो उताराला आडवा न नेता वर-खाली चालवा. पंधराच्या वर जेवढा तुकडा आला, तेवढ्यावर गवत ठेवूच नका. तिथे झुडपं लावा.