मागणं आणि सोपवणं : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी पाय ठेवायला जागा नसते. नित्य साहाय्य मातेची नोव्हेना, म्हणजे नऊ वारांची प्रार्थना, इथे ८ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली. सलग नऊ बुधवार यायचं, असा रिवाज. बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाची घरं, बाळं, हातपाय मांडलेले असतात. ज्याची जी गरज, ते तो विकत घेऊन मातेपुढे ठेवतो. आत भाविकांची पत्रं येतात, काही विनंतीची, काही आभाराची, आणि त्यातली निवडक वाचूनही दाखवतात. आणि हेच भाविक येशूने शिकवलेली 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणताना 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हेही म्हणतात.

मग विचारणारा विचारतोच, की सगळं देवाच्या इच्छेनेच व्हायचं असेल तर नऊ बुधवार खेटे कशाला घालायचे? प्रश्न खोडसाळ वाटतो, पण सतराव्या शतकात याच प्रश्नाच्या उत्तरावरून रोममध्ये एक धर्मगुरू जन्मभरासाठी तुरुंगात गेले.

शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, दोन्ही बाजू आहेत. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या इतकी पाठीस लागते की देवालाही न भिणारा तो माणूस केवळ कटकट मिटावी म्हणून तिला न्याय देतो. येशूने हा दाखला 'सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये' हे सांगण्यासाठी दिला. दुसरीकडे अटकेच्या रात्री गेथशेमानीच्या बागेत येशूने देवाला म्हटलेलं 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाक्य. ते आपण शरणागतीचं म्हणून लक्षात ठेवतो; त्याच वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात 'हा (दुःखाचा) प्याला टळो' ही मागणीही आहे, हे मात्र विसरतो. मत्तय तर सांगतो की येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली.

चिकाटीचं उदाहरण म्हणून चर्चमध्ये नेहमी संत मोनिकांचं नाव घेतात. मुलगा ऑगस्टीन सन्मार्गाला लागावा म्हणून त्या वर्षानुवर्षं रडल्या, हे सर्वांना ठाऊक असतं. त्यातली ३८३ सालची एक रात्र मात्र फारशी कुणी सांगत नाही. ऑगस्टीनने रोमला जाऊ नये म्हणून मोनिका कार्थेजच्या बंदराजवळ संत सिप्रियानच्या स्मारकात रात्रभर प्रार्थना करत बसल्या आणि त्याच रात्री मुलगा त्यांना चकवून जहाजात बसला. मागितलं त्याच्या नेमकं उलट झालं. पण त्याच प्रवासाने तो पुढे मिलानला, संत अँब्रोझ यांच्यापर्यंत पोहोचला आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीनने नंतर लिहिलं, की आईचं नेहमीचं मागणं देण्यासाठी देवाने त्या रात्रीचं मागणं नाकारलं.

हाच ऑगस्टीन पुढे बिशप झाल्यावर प्रोबा नावाच्या रोमन विधवेला प्रार्थनेविषयी लांबलचक पत्र लिहितो. ४१० मध्ये रोम लुटलं गेल्यानंतर ती आफ्रिकेत आली होती. देवाला आपली गरज आधीच ठाऊक असते, मग मागायचं का? त्याचं उत्तर असं, की मागण्याने देवाला बातमी मिळत नाही. आपली ओढ वाढते आणि जे मिळणार आहे ते घ्यायला आपण मोठे होतो. एवढं नेमकं उत्तर पुढच्या वादात क्वचितच कुणी दिलं.

सोळाव्या शतकात स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेजांनी चिकाटीची दुसरी, जरा ओशाळवाणी बाजू सांगितली. अनेक वर्षं प्रार्थनेच्या तासाला बसल्यावर त्यांचं लक्ष घड्याळाच्या ठोक्याकडे असे. मध्ये तर वर्षभराहून अधिक काळ त्यांनी मनन-प्रार्थना सोडूनच दिली होती. पुढे त्यांनीच 'निश्चयी निश्चय' असा शब्दप्रयोग करून आपल्या भगिनींना सांगितलं, की काहीही होवो, ही वाट सोडायची नाही.

ठिणगी पडली ती १६७५ मध्ये. रोममध्ये राहणारे स्पॅनिश धर्मगुरू मिगेल दे मोलिनोस यांचं ध्यानावरचं छोटंसं पुस्तक तेव्हा प्रसिद्ध झालं आणि हातोहात खपलं. मन निःशब्द करा, देवाला काम करू द्या, असा त्याचा रोख. सरदारघराण्यांतल्या स्त्रिया, मठवासी भगिनी, बडे धर्माधिकारी सल्ल्यासाठी त्यांच्याकडे येत. १६८५ मध्ये त्यांना अटक झाली. १६८७ मध्ये त्यांनी जाहीरपणे आपली मतं मागे घेतली, आणि पोप अकरावे इनोसंट यांनी त्यांच्या नावावरची ६८ विधानं निषिद्ध ठरवली. मोलिनोस १६९६ मध्ये कैदेतच वारले.

या ६८ पैकी चौदावं विधान आपल्या कामाचं आहे. त्याचा आशय असा, की जो देवाच्या इच्छेला शरण गेला त्याने देवाकडे काही मागणं उचित नाही. पंधरावं आणखी पुढे जातं: जसं मागू नये, तसे कशाबद्दल आभारही मानू नयेत. म्हणजे माहीमची दोन्ही प्रकारची पत्रं बाद! हे वरवर फार उंच अध्यात्म वाटतं. चर्चने ते नाकारलं, आणि माझ्या मते बरोबर केलं. लेकराने बापाकडे काही मागायचंच नाही अशी शरणागती शेवटी बेफिकिरीच्या वळणाला जाते. मोलिनोस यांना जन्मठेप द्यायला हवी होती का, हा प्रश्न वेगळा.

फ्रान्समध्ये हाच वाद बिशप बॉस्युए आणि आर्चबिशप फेनलाँ यांच्यात पेटला; फेनलाँ शरणागतीच्या बाजूने, बॉस्युए विरोधात. त्यात दरबारी राजकारणही होतं. १६९९ मध्ये पोपने फेनलाँ यांच्या पुस्तकातली २३ विधानं नाकारली आणि फेनलाँ यांनी तो निर्णय मुकाट्याने स्वीकारला.

त्यानंतर बराच काळ 'देवावर सोपवणं' हा शब्दच संशयास्पद झाला. जेझुइट (येशूसंघीय) धर्मगुरू द कोसाद यांनी १७४१ मध्ये प्रार्थनेवरचं पुस्तक काढलं तेही थेट बॉस्युए यांच्या शिकवणीचा हवाला देऊन. ढाल चांगली निवडली! देवाच्या हाती स्वतःला सोपवण्याविषयीचं, आज त्यांच्या नावावर सर्वांत जास्त वाचलं जाणारं लिखाण १८६१ पर्यंत छापलंच गेलं नाही. ते खरंच त्यांचं का, याबद्दल अभ्यासकांनी पुढे शंकाही घेतली आहे.

गाठ सुटली ती पंडितांकडून नव्हे, तर चौदा वर्षांच्या एका मुलीकडून, असं मला वाटतं. १८८७ मध्ये फ्रान्समधल्या लिझिएच्या तेरेजाने (आविलाच्या नव्हे, ही दुसरी) पॅरिसमध्ये तिघींच्या खुनासाठी देहदंडाची शिक्षा झालेल्या प्रांझिनीसाठी प्रार्थना सुरू केली. देव त्याला क्षमा करील याची तिला खात्री होती; खूण दिसली नाही तरी मी विश्वास ठेवीन, असं ती म्हणाली, आणि तरीही आपल्या समाधानासाठी एक खूण मागितलीच. मरण्याआधी प्रांझिनीने क्रूसाचं तीनदा चुंबन घेतल्याची बातमी तिने वर्तमानपत्रात वाचली. हीच तेरेजा १८९६ च्या ईस्टरपासून १८९७ मधल्या मृत्यूपर्यंत श्रद्धेच्या गडद अंधारात होती, आणि त्या अंधारातही तिने प्रार्थना सोडली नाही.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात प्रार्थनेवरचा चौथा भाग आहे. त्याचा मसुदा फादर जाँ कॉर्बों यांनी युद्धाने होरपळलेल्या बैरूतमध्ये लिहिला. तिथे प्रार्थनेला सरळ 'लढाई' म्हटलं आहे. न मिळालेल्या मागण्यांविषयी बोलताना हा ग्रंथ एका गोष्टीचं नवल करतो: देवाची स्तुती करताना, आभार मानताना ते त्याच्यापर्यंत पोहोचले की नाही याची आपण फारशी फिकीर करत नाही, मागण्याचा निकाल मात्र आपल्याला हातात हवा असतो.